पंधरा यार्डांचं तोंड

कोच हाल्वोर ट्वेटेनचं तोंड हा व्हेस्टरडाल कॉलेजच्या फुटबॉल संघाचा बारावा गडी होता, आणि पंचाईत अशी की हा बारावा गडी कायम समोरच्या संघाकडून खेळायचा.

तसा माणूस सरळ, कष्टाळू, घरी बायकोपुढे आवाज न चढवणारा. पण शनिवारी दुपारी मैदानाच्या कडेला बाकावर बसला की त्याच्या अंगात यायचं. ही गोष्ट एकोणीसशे सव्वीस सालची, नॉर्वेहून अमेरिकेत येऊन वसलेल्या शेतकऱ्यांच्या गावची. फुटबॉलही तिकडचाच, चेंडू हातात घेऊन पळायचा, आणि तेव्हा नियम फार कडक. आठवडाभर कोचने पोरांना काय हवं ते शिकवावं, ओरडावं, डोकं आपटून घ्यावं. पण एकदा पंचांची शिट्टी झाली की त्याने बाकावर मूग गिळून बसायचं. डोकं चालवायचं ते मैदानातल्या पोरांनी. बाकावरून शब्द आला की ती लबाडी, आणि लबाडीची शिक्षा पंधरा यार्ड. म्हणजे पोरांनी चिखलात लोळून, नाकं फोडून घेऊन चेंडू पंधरा यार्ड पुढे न्यायचा, आणि हाल्वोरने "अरे डावीकडे बघ, ठोंब्या!" एवढं म्हणून तो परत आणायचा.

मोसमाचा पहिला सामना असाच गेला. कप्तान होता लायल ब्राटलिएन. गावातल्या न्हाव्याचा मुलगा, त्यामुळे जीभ वस्तऱ्यासारखी परजलेली. सामना संपल्यावर बूट काढता काढता तो म्हणाला, "कोच, आज सगळ्यात लांब कोण पळालं ठाऊक आहे का? तुम्ही. तेही बसल्या जागी. फक्त दिशा तेवढी चुकली."

"तोंड बंद ठेव," हाल्वोर म्हणाला.

"मीही तेच म्हणतोय," लायल म्हणाला.

दुसऱ्या सामन्याला हाल्वोरने शक्कल लढवली. पंच होते डॉक्टर मॅकगिल. हे एरवी जिल्ह्याच्या गावी लोकांचे दात उपटायचे आणि शनिवारी शिट्टी फुंकायचे. नाव स्कॉटिश, म्हणजे आपली भाषा त्यांना कुठून कळणार? हाल्वोरने इंग्रजी सोडलं आणि नॉर्वेजियनमध्ये तोंडाचा पट्टा सुरू केला. तोही बहुतेक सगळा सिगुर्डवर. सिगुर्ड लोक्केन हा मधल्या जागेवरचा गडी, चेंडू मागे टाकायचं काम त्याचं. अंगाने गोठ्याच्या दारात मावणार नाही असा, स्वभावाने गाय. कोणीही चुकलं तरी शिव्या सिगुर्डने खायच्या, अशी जणू रीतच पडली होती. त्यालाही त्याची सवय झाली होती.

डॉक्टर मॅकगिल शांतपणे बाकापाशी आले. "ट्वेटेन, माझी सासू नॉर्वेतल्या बर्गनची आहे. लग्न झाल्यापासून आमच्याकडेच असते. तुम्ही आत्ता त्या पोराला जे म्हणालात ना, ते ती मला रोज सकाळी म्हणते. पंधरा यार्ड."

गेला दुसरा सामना. तिसराही गेला, चौथाही. मग आलं ते स्तोत्रांचं खूळ.

हाल्वोरने पोरांना गोळा करून सांगितलं, "नीट ध्यानात ठेवा. मी पहाटेचं स्तोत्र गुणगुणलो की डावीकडून पळायचं. संध्याकाळचं गुणगुणलो की उजवीकडून. आणि पापक्षमेचं आलं की लाथ मारून चेंडू लांब घालवायचा. देवाचं नाव घेणाऱ्या माणसाला कोण दंड करतो ते बघतोच मी."

काय डोकं चालवलं होतं! फक्त एक गोष्ट हा बाबा विसरला, आणि जन्मभर त्याच चर्चच्या बाकावर बसलेला माणूस ती कशी विसरला हे देवच जाणे. व्हेस्टरडालच्या माणसापुढे स्तोत्राची पहिली ओळ टाकली की तो बसून राहत नाही. तो उठतो, टोपी काढतो आणि चार आवाजांत वाटून घेऊन शेवटचं कडवं होईपर्यंत गातो. हाल्वोरने पहाटेच्या स्तोत्राची ओळ जरा मोठ्याने धरली मात्र, मागची सगळी गॅलरी उभी राहिली. बायकांनी वरचा सूर धरला, शेतकऱ्यांनी खालचा. मैदानावर सिगुर्डने चेंडू मागे टाकला खरा, पण तो झेलायला कोणी वाकेल तर शपथ! अकराच्या अकरा पोरं चामडी टोप्या काढून उभी, आणि सिगुर्डचा खर्जातला आवाज तर काय सुंदर लागला होता. समोरचा संघ सरकारी शिक्षक-विद्यालयाचा. त्यांनी बिचाऱ्यांनी एक कडवं वाट पाहिली, मग पंचांकडे पाहिलं. पंच म्हणाले, "मी शिट्टी दिलेली नाही." तेव्हा त्यांच्यातल्या एकाने घरंगळत गेलेला चेंडू उचलला आणि गाणाऱ्या पोरांमधून वाट काढत, "माफ करा हं, माफ करा," म्हणत तो रेषेपलीकडे नेऊन ठेवला.

सोमवारी कॉलेजचे अध्यक्ष पाद्री नेसेट यांनी हाल्वोरला बोलावून घेतलं. त्यांनी खुर्ची दिली नाही.

"हरण्याचं मला काही नाही," पाद्री म्हणाले. "हरल्याने माणूस नम्र होतो, आणि तुझ्या कृपेने आपलं अख्खं कॉलेज यंदा फार नम्र झालंय. पण पापक्षमेच्या स्तोत्रावर चेंडूला लाथ?"

"त्याची वेळच आली नाही, पाद्रीसाहेब."

"गप्प बस! नेमकं तेच तुला जमत नाही. विश्वस्तांपुढे मला मान खाली घालावी लागते. धर्माचं कॉलेज, आणि कोच दर शनिवारी बाकावरून लबाडी करताना पकडला जातो. आता नीट ऐक. शेवटचा सामना ब्योर्कहेम कॉलेजच्या स्वीडिशांशी. जिंकलाच पाहिजेस असं मी म्हणत नाही. पण तुझ्या तोंडापायी एक, फक्त एक दंड झाला, तर सोमवारी घराच्या किल्ल्या माझ्या टेबलावर आणून ठेवायच्या."

घर कॉलेजचं होतं. किल्ल्या गेल्या की जायचं कुठे, तर डाकोटात, बायकोच्या माहेरी. तिथे मेहुण्याचा कोंबड्यांची पिल्लं उबवायचा कारखाना होता, आणि मेहुणा दर ख्रिसमसला पाहुण्यांसमोर विचारायचा, "मग हाल्वोर, खेळ संपला की येतोस ना कामाला?" घरजावई व्हायचं, मेहुण्याच्या हाताखाली पिवळी पिल्लं निवडायची आणि रोज त्याच्याच टेबलावर जेवायचं, या कल्पनेने हाल्वोरला घास गिळवेना. पण खरं दुखणं तेही नव्हतं. त्या अकरा दांडगट पोरांवर त्याचा जीव होता. त्यांच्यावाचून शनिवार कसा काढायचा हेच त्याला कळत नव्हतं.

हे त्याने पोरांना कधी सांगितलं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको. तिथल्या लोकांत स्तुती ही वस्तू सणासुदीलाही बाहेर निघत नसे. बादली भरून दूध देणाऱ्या गायीला "ठीक आहे," जळत्या गोठ्यातून घोडे बाहेर काढणाऱ्या शेजाऱ्याला "वाईट नाही." हाल्वोरच्या लग्नात गुद्रुनच्या बापाने नटलेल्या लेकीकडे बघून "चालेल" म्हटलं, तर दोन आत्यांना रडू आवरेना.

गुद्रुनने सगळं ऐकून घेतलं आणि कॉफी ओतली. "तू ओरडणार," ती म्हणाली.

"नाही ओरडणार."

"हाल्वोर, तू झोपेतसुद्धा ओरडतोस. परवा मी पाणी प्यायला उठले, तर म्हणालास, 'जागा सोडू नकोस, म्हशे!'"

"ते सिगुर्डला होतं."

"ते मला कळलं म्हणून तर तू अजून या घरात आहेस," गुद्रुन म्हणाली आणि गुळाच्या काकवीसारख्या काळ्या मळीचा डबा काढून चुलीपाशी गेली. तिने दोन दिवस खपून एक टॉफी बनवली. तिचा एक तुकडा दातांखाली धरला की वरचा जबडा खालच्याला अर्धा तास सोडत नसे. आधी तिने तो शेजारच्या कुत्र्याला घालून पाहिला होता.

सामन्याच्या दिवशी आभाळ भरलेलं आणि मैदानात नुसता रबरबाट. नदीपलीकडचे स्वीडिश गाड्या भरभरून आले होते. हाल्वोरवरची अट कुठून तरी फुटली होती, आणि अशी संधी सोडतील तर ते स्वीडिश कसले! त्यांची पोरं थेट बाकामागे येऊन बसली.

"काय ट्वेटेन, बोल की रे बाबा! एकच शब्द!"

"आमच्या ओळखीत एक गाय आहे, ती याच्याहून जास्त बोलते."

"असं ऐकलंय की तुझ्या बायकोच्या बटाट्याच्या पोळीने, त्या लेफ्सेने, बुटाला तळ लावतात!"

यावर गॅलरीतली गुद्रुन उभी राहिली. तिने हातातल्या टोपलीतून एक लेफ्सा काढली आणि त्या पोराच्या डोक्यावर नेम धरून फेकली. त्याने ती खाल्ली आणि बोटं चाटली. हाल्वोरच्या तोंडातून मात्र "म्म्म" याच्यापलीकडे काही निघालं नाही. टॉफी कामाला लागली होती. डॉक्टर मॅकगिल बाकाजवळून जाता जाता थांबले, त्याच्या गालाकडे धंद्याच्या नजरेने बघितलं आणि म्हणाले, "ट्वेटेन, सोमवारी दवाखान्यात या."

आणि काय चमत्कार सांगू! कोचच्या आवाजाचं ओझं उतरल्यावर पोरं मोकळी खेळायला लागली. आधी त्यांना चुकल्याचुकल्यासारखं झालं, सारखी बाकाकडे बघत होती. मग आपापसात बोलायला लागली. लायलने दोनदा अशी चाल केली की जी हाल्वोरने त्यांना शिकवलीच नव्हती, आणि मध्यंतरापूर्वी त्याने धावत येऊन चिखलातून चेंडू असा टोलावला की तो खांबांच्या बरोबर मधून गेला. तीन गुण! व्हेस्टरडालने अख्ख्या मोसमात पहिल्यांदाच कोणावर आघाडी घेतली. गॅलरीतला एक म्हातारा शेतकरी भावनेच्या भरात "हं," असं म्हणाला.

हाल्वोर एकीकडे हरखला आणि दुसरीकडे खट्टू झाला. हे सगळं माझ्याशिवाय होतंय? मग मी इतके दिवस काय करत होतो?

मध्यंतरानंतर टॉफीने घात केला. ती सुटली, पण दाढेतलं भरलेलं चांदीचं बूच बरोबर घेऊन. आता तोंड मोकळं आणि दाढ ठणकत असलेली. हाल्वोरने डोक्यावरची टोपी काढून दातांत धरली.

शेवटचं एखादं मिनिट उरलं तेव्हा स्वीडिश व्हेस्टरडालच्या रेषेच्या अगदी जवळ येऊन ठेपले होते. एक धडक बसली की खेळ खलास. आणि नेमक्या त्या वेळी हाल्वोरने पाहिलं की सिगुर्ड आपली मधली जागा सोडून उजवीकडे सरकतोय.

जागा सोडायची नाही! तीन वर्षं घसा फोडून या ठोंब्याला एवढं एकच शिकवलं होतं! हाल्वोर अर्धा उठला. गुद्रुनने गॅलरीत डोळे मिटले. बाकामागची स्वीडिश पोरं टाळ्या वाजवायला लागली, "बोल, बोल, बोल!" त्याने टोपी करकचून चावली आणि खाली बसला. दाढेतून अशी कळ निघाली की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

चेंडू हलला, आणि स्वीडिशांचा सगळ्यात तगडा गडी उजवीकडूनच आला. सिगुर्डने ते ओळखलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं, त्याच्या त्याने ओळखलं होतं. दोघांची टक्कर अशी झाली की गॅलरीत लोकांनी छातीवर हात ठेवले. चेंडू सुटला, चिखलात उडाला, आणि सिगुर्ड त्याच्यावर आडवा पडला. चेंडू आता व्हेस्टरडालचा!

"शाब्बास, सिगुर्ड! शाब्बास रे माझ्या वाघा!"

कोण ओरडलं हे हाल्वोरला कळायला थोडा वेळ लागला. टोपी खाली चिखलात पडली होती.

शिट्टी वाजली. डॉक्टर मॅकगिल बाकापाशी आले. "कोण बोललं?"

"मी," हाल्वोर म्हणाला.

"काय बोललात?"

"तेच... ते..." त्याचे कान लाल झाले. "तुम्ही ऐकलंत की."

डॉक्टरांनी डोकं खाजवलं. सूचना देण्याला दंड होता. पण ही सूचना की काय? स्वीडिश कप्तान धावत आला, "बाकावरून शब्द आला. पंधरा यार्ड द्या!" मागोमाग लायल आला.

"पंचसाहेब, जरा ऐका. सूचना म्हणजे जी ऐकून गडी काहीतरी करतो. हो ना? हा शब्द आम्ही कोचच्या तोंडून कधी ऐकलेलाच नाही. तो ऐकून काय करायचं असतं हे आमच्यात कोणालाच ठाऊक नाही. हवं तर त्याच्याकडे बघा."

सगळ्यांनी बघितलं. सिगुर्ड चिखलात चेंडू मांडीवर घेऊन बसला होता.

"मला म्हणाले?" त्याने विचारलं.

"तुलाच. ऊठ आता," लायल म्हणाला.

सिगुर्ड उठला. त्याने चेहरा पुसला, पण हाताला चेहऱ्याहून जास्त चिखल होता. "मग देऊन टाका त्यांना पंधरा यार्ड," तो म्हणाला. "वीस मागितले तर वीस द्या."

आता संघातलाच गडी असं म्हणाल्यावर पंच तरी काय करणार? दंड झाला. चेंडू व्हेस्टरडालच्या रेषेला जवळजवळ चिकटला. हाल्वोर मटकन बाकावर बसला. संपलं सगळं. सोमवारी किल्ल्या, मंगळवारी डाकोटा, बुधवारी मेहुणा आणि पिल्लं. पण गंमत अशी की त्याला त्या क्षणी त्याचं फारसं काही वाटेना. वाटत होतं ते एवढंच की पोरांनी हरू नये, आणि निदान त्याच्या शब्दापायी तरी हरू नये.

आता चेंडू लाथेने लांब घालवायचा, दुसरा इलाज नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. सिगुर्डने चेंडू मागे टाकला, लायलने तो झेलला आणि लाथ न मारता उलटा आपल्याच रेषेमागे पळाला. स्वीडिश त्याच्या मागे. हा खांबाला वळसा घालतोय, चिखलात घसरतोय, उठतोय, परत वळसा. हाल्वोरने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. पोरगं बिथरलं! आपल्याच रेषेमागे पकडला गेला तर त्यांना दोन गुण!

दोन.

दोन म्हणजे तीनहून कमी. हे त्याच्या डोक्यात शिरेपर्यंत वेळ संपल्याचं पिस्तूल वाजलं होतं आणि सात स्वीडिशांच्या ढिगाखालून लायलचा आवाज येत होता, "घ्या दोन गुण! आनंदाने घ्या! आईला दाखवा!"

तीन विरुद्ध दोन. व्हेस्टरडाल जिंकलं. लोक इतके बेभान झाले की काहींनी शेजाऱ्याशी हस्तांदोलनसुद्धा केलं.

कपडे बदलायच्या खोपटात पाद्री नेसेट आले तेव्हा हाल्वोर किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन उभाच होता. "सोमवारपर्यंत कशाला थांबायचं," तो म्हणाला. "दंड झाला. तुम्ही सांगितलं होतं."

"सांगितलं होतं," पाद्री म्हणाले. त्यांनी किल्ल्या घेतल्या, खिशात टाकल्या, दारापर्यंत गेले आणि परत फिरले. "विश्वस्त विचारतील, का काढलं? मी सांगणार, बाकावरून ओरडला. ते विचारतील, काय ओरडला? आता पोराला शाब्बास म्हणाला म्हणून काढलं, हे मी कोणत्या तोंडाने सांगू?" त्यांनी किल्ल्या बाकावर आपटल्या. "तुझ्यासारखा त्रासदायक माणूस मी दुसरा पाहिला नाही, ट्वेटेन. धड पापसुद्धा नीट करत नाहीस."

हाल्वोरने नाक शिंकरलं आणि किल्ल्या खिशात टाकल्या.

तेवढ्यात दाराशी सिगुर्ड आला. बरोबर त्याची आई, मरित लोक्केन. नवऱ्यामागे तीस गायी एकटीने सांभाळणारी, हिरव्या शालीतली हडकुळी बाई.

"कोच," सिगुर्ड म्हणाला, "आई विश्वासच ठेवत नाही. तुम्ही मला काय म्हणालात ते तिला सांगाल का जरा?"

मैदानावर तो शब्द आपणहून सुटला होता. आता ना पंच, ना शिट्टी, एका यार्डाचाही दंड नाही, तर मासा खाताना काटा अडकावा तसा घशात अडकला. हाल्वोरने छताकडे बघितलं, शेगडीकडे बघितलं. पाद्री नेसेट तिथेच उभे होते, पोरं अर्धवट कपड्यांत थांबली होती.

"म्हटलं..." तो शेगडीला म्हणाला, "म्हटलं शाब्बास."

बाईंनी डोक्यावरची शाल मागे सारली आणि जरा पुढे सरकल्या.

"या कानाला कमी येतं," त्या म्हणाल्या. "परत सांगा."

या बाईंना पलीकडच्या शेतातल्या कोल्ह्याची चाहूल लागते हे अख्ख्या गावाला माहीत होतं. लायल तोंड उघडणार होता, सिगुर्डने त्याचा दंड धरला.

हाल्वोरने मग शेगडीवरची नजर काढली, सिगुर्डकडे वळला, आणि आईला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात परत सांगितलं.